बायपास आणि पायाची शीर

घरात कोणाची बायपास शस्त्रक्रिया ठरली की सर्वांचे लक्ष छातीकडे लागते. परंतु बहुतेक बायपासमध्ये दुसरी एक जखम पायावर असते. तिची माहिती आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या धमन्या चरबी साचून अरुंद होतात. तो अडथळा ओलांडून रक्ताला दुसरी वाट करून देणे म्हणजे बायपास. या वाटेसाठी छातीतील धमनीबरोबर बहुधा पायाची शीर वापरतात. घोट्याच्या आतील बाजूपासून जांघेपर्यंत जाणारी ही शीर शरीरातील सर्वांत लांब शीर होय. तिच्यातील झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ती उलटी फिरवून जोडतात. अमेरिकेत डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली ही शीर बायपाससाठी वापरली व पुढे ती पद्धत रूढ झाली. भारतात पहिली बायपास १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी केली.

शीर काढल्याने पाय अधू होतो काय? नाही. पायातील बहुतेक रक्त खोल शिरांतून वर जाते. खरा त्रास जखमेचा असतो. जुन्या पद्धतीत पायावर लांब चीर घेतात. मग सूज, ठणका, कधी पू होतो. मधुमेही व स्थूल रुग्णांना हा धोका अधिक. छाती भरून येते, पण पाय चिघळत राहतो. धायरी-नऱ्हे भागातील कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्या माणसाची तेवढ्याने रोजी बुडते.

यावर १९९० नंतरच्या दशकात दुर्बिणीची पद्धत आली. गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेऊन दुर्बीण आत घालतात, कार्बन डायऑक्साइड वायूने जागा करतात, फाटे बंद करून कापतात व शीर बाहेर काढतात.

अशी शीर टिकते का, अशी शंका २००९ मधील एका अभ्यासाने निर्माण केली होती. पुढे अमेरिकेत ११५० रुग्णांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अनुभवी हातांनी शीर काढली असता, मृत्यू, हृदयविकाराचा झटका व हृदयाचा रक्तपुरवठा पुन्हा सुरळीत करण्याचे उपचार यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग मात्र ३.१ ऐवजी १.४ टक्के रुग्णांना झाला.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत. शीर कोणत्या पद्धतीने काढणार? काढणाऱ्याचा अनुभव किती? उपकरणाचा खर्च वेगळा आहे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपासचा समावेश आहे. त्यात हा खर्च बसतो की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे. घरी आल्यावर बसताना पाय उंचावर ठेवावा, साखर ताब्यात ठेवावी आणि जखम लाल झाली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. तो बजावण्यासाठी आधी माहिती हवी.