नव्या रस्त्याला गोल भोकं कशाला?

प्रश्न : आमच्या गावच्या रस्त्यावर नवीन डांबर पडून आठवडा झाला नाही, तोच दोन माणसं मशीन घेऊन आली आणि ठिकठिकाणी वाटीएवढी गोल भोकं पाडून गेली. चांगला रस्ता का फोडतात?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ठेकेदाराचं बिल खरं की खोटं, हे त्या भोकांतून कळतं. मशीनचं नाव कोअर कटर. पाणी सोडत फिरणाऱ्या नळीने दहा ते पंधरा सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा कापून काढतात. तो आडवा धरला की थर उघडे दिसतात : खाली जुना, करडा पडलेला, वर नवा, काळाभोर. नव्या थराची जाडी तीन-चार बाजूंनी मोजून सरासरी घेतात. भोक मग गरम मालाने ठासून बुजवायचं असतं. तसंच उघडं सोडलं असेल, तर पावसाआधी शाखा अभियंत्यांना जरूर सांगा.

जाडीचा एवढा बाऊ का? पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर ३० मिलिमीटरचा थर ठरला आणि पडला २५ चा, तर वरून पाहून कुणाला पत्ता लागणार नाही. पण वाचलेला माल होतो पावणेएकोणीस घनमीटर, म्हणजे सुमारे ४४ टन. त्यात नुसतं डांबरच दोन टनांहून जास्त. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, ३० लिहिलं गेलं की बिलही ३० चंच निघतं. म्हणून भोक कुठे पाडायचं हे ठेकेदाराच्या माणसाने दाखवायचं नसतं. तसं होत असेल, तर चाचणीचा कागद फायलीत लावायच्या लायकीचा उरत नाही.

तोच तुकडा आधी हवेत आणि मग पाण्यात तोलला की आत पोकळी किती राहिली तेही निघतं. व्हीजी-३० डांबराचा माल किमान १४० अंशांना अंथरावा आणि ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी त्याची दबाई उरकावी, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे निकष सांगतात. प्लांट लांब, गाडीवर ताडपत्री नाही, की माल वाटेतच निवतो. मग रोलर कितीही फिरवा. पोकळी सात टक्क्यांपुढे गेली की दर वाढीव टक्क्यामागे रस्त्याचं आयुष्य साधारण दहा टक्क्यांनी घटतं, असा अमेरिकी अभियंत्यांचा ढोबळ अंदाज आहे.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हाच आकडा थेट पैशाला जोडलेला असतो. काम निकषात जितकं बसेल तितका दर. खराब असेल तर कपात, उत्तम असेल तर काही ठिकाणी १०५ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे बहुतेक पास-नापासचाच मामला. जेमतेम पास झालेल्याला आणि झकास काम करणाऱ्याला भाव एकच, त्यातही निविदा सर्वांत कमी दराची हवी. मन लावून काम करणाऱ्या ठेकेदाराचं यात नुकसानच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिल निघालं तरी ठेकेदार लगेच सुटत नाही. अनामत रक्कम अडकलेली असते आणि दोष दायित्व कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने होते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हा काळ पाच वर्षांचा असतो. कामाच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असेल, तर तिचा आताच फोटो काढून ठेवा.