निवृत्तीचे वय आणि निवृत्तिवेतनाचे वय : दोन निराळे हिशेब

नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. म्हैसूर जिल्ह्यातील कपिला नदीकाठचे सरगूर हे गावही त्यास अपवाद नाही. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात असलेले आणि आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण झालेले हे गाव कापूस, तंबाखू व भात पिकविणाऱ्या खेड्यांच्या मध्ये वसले आहे. येथील काउंटरसमोर एकाच रांगेत तीन ज्येष्ठ नागरिक उभे आहेत, अशी कल्पना करू. पहिले राज्य शासनाच्या शाळेतून साठाव्या वर्षी निवृत्त झालेले गुरुजी. दुसरे नंजनगूडच्या खासगी कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेले कामगार. तिसऱ्या शेतमजुरी केलेल्या आजी. त्यांना 65 वर्षे पूर्ण झाल्यावर कर्नाटक शासनाच्या ‘संध्या सुरक्षा’ योजनेचे साहाय्य सुरू झाले. ‘निवृत्तीचे वय वाढवावे काय?’ हा प्रश्न या तिघांना विचारला, तर उत्तरे तीन येतील आणि आपापल्या जागी तिन्ही बरोबर असतील.

याचे कारण असे की, चर्चेत आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतो. वेतन ज्या दिवशी थांबते ते निवृत्तीचे वय. निवृत्तिवेतन ज्या दिवशी सुरू होते ते निवृत्तिवेतनाचे वय. शासकीय सेवेत हे दोन्ही दिवस जोडून येतात. इतरत्र त्यांच्यामध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते, आणि खरी अडचण त्या अंतरातच असते.

वय कसे वाढत गेले

वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाचा कायदा जर्मनीने 1889 साली केला, तेव्हा पात्रतेचे वय 70 होते; 1916 मध्ये ते 65 वर आणले गेले. आपल्याकडे केंद्र शासनाने 1962 साली निवृत्तीचे वय 55 वरून 58 आणि 1998 साली 58 वरून 60 केले. कर्नाटकाने 2008 साली 60 चा स्वीकार केला. तामिळनाडूने 2020 मध्ये 59 व 2021 मध्ये 60, तेलंगणाने 2021 मध्ये 61, तर आंध्र प्रदेशाने 2022 मध्ये 62 वर्षे केली. याउलट हरियाणाने 2014 साली वाढविलेले वय पुन्हा 58 वर आणले.

महाराष्ट्रात बहुतांश राज्य कर्मचाऱ्यांसाठी हे वय 58 आहे. गट ‘ड’ मधील कर्मचारी मात्र साठाव्या वर्षी निवृत्त होतात. इतरांनाही 60 लागू करावे, ही राजपत्रित अधिकाऱ्यांच्या महासंघाची जुनी मागणी आहे. त्यामुळे निपाणीच्या शाळेतील शिक्षक साठीपर्यंत शिकवितो आणि जवळच्याच कागलमधील शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाचा नारळ घेतो.

शासनाचा हिशेब

निवृत्तीच्या दिवशी शासनाला ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे वेतन आणि अंशराशीकरणाची रक्कम एकदम द्यावी लागते. वय दोन वर्षांनी वाढविले की हा भार दोन वर्षे पुढे जातो. तिजोरीची ओढाताण असताना हा उपाय आकर्षक वाटतो तो यामुळेच. मात्र भार टळत नाही, केवळ लांबतो. शिवाय त्या काळात ज्येष्ठ कर्मचाऱ्याचे वरच्या श्रेणीतील वेतन चालू राहते.

नव्या पिढीच्या बाबतीत हे गणित बदलते. केंद्राच्या सेवेत 1 जानेवारी 2004 पासून (सैन्यदले वगळून), महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून, कर्नाटकात 1 एप्रिल 2006 पासून आणि सरकारी बँकांत 1 एप्रिल 2010 पासून रुजू झालेल्यांसाठी अंशदानावर आधारित व्यवस्था आली. अशा व्यवस्थेत सेवेची दोन अधिक वर्षे म्हणजे दोन वर्षांचे अधिक अंशदान, आणि साठलेल्या रकमेवर निर्वाह करावयाची दोन वर्षे कमी. येथे वयवाढीचा लाभ मुख्यत्वे कर्मचाऱ्यास मिळतो.

तरुणांचा हिशेब

केरळात 2012 साली वय 55 वरून 56 झाले, तेव्हा युवक संघटना रस्त्यावर उतरल्या. 2022 मध्ये तेथील सार्वजनिक उपक्रमांसाठी 60 वर्षांचा आदेश निघाला. तो विरोधामुळे काही दिवसांतच स्थगित करावा लागला. हा विरोध केवळ भावनिक नाही. वय एकदम दोन वर्षांनी वाढविले, तर दोन वर्षे जवळजवळ कोणीच निवृत्त होत नाही. त्यानंतर जागा पूर्ववत रिकाम्या होऊ लागतात. नुकसान कायमचे नसते हे खरे. परंतु महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी शासकीय नोकरीची वयोमर्यादा 38 आहे. सदतिसाव्या वर्षी जाहिरातीची वाट पाहणाऱ्या उमेदवाराची ही दोन वर्षे परत येत नाहीत. चीनने 1 जानेवारी 2025 पासून सुरू केलेली वयवाढ 15 वर्षांच्या कालावधीत विभागली आहे, त्यामागील विचार या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे.

कारखान्यातील कामगाराचा हिशेब

1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पूर्ण निवृत्तिवेतन 58 व्या वर्षी मिळते. किमान 10 वर्षे सेवा झालेल्या आणि नोकरी सोडलेल्या सदस्यास 50 नंतर ते लवकर घेता येते. पण 58 ला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षासाठी 4 टक्के कपात होते. उलट 60 पर्यंत थांबल्यास दरवर्षी 4 टक्के वाढ मिळते.

समजा, 58 व्या वर्षीचे निवृत्तिवेतन 3,000 रुपये ठरते. सेवाकाळ तोच धरला, तर 57 व्या वर्षी ते 2,880 रुपये होईल. त्या एका वर्षात 34,560 रुपये आधी हाती येतील. पुढे मात्र दरमहा 120 रुपये कमी मिळतील. 34,560 ला 120 ने भागल्यास 288 महिने, म्हणजे 24 वर्षे येतात. तात्पर्य, व्याज बाजूला ठेवले तरी लवकर घेतल्याचा तोटा वयाच्या 82 नंतरच जाणवेल. तेव्हा ‘थांबणे नेहमीच शहाणपणाचे’ हा समज अचूक नाही. ज्याचे वेतन चालू आहे त्याने थांबावे. ज्याचे शरीर थकले आहे व ज्याला दुसरे उत्पन्न नाही, त्याने कपातीला घाबरून उसनवारी करू नये. या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांना निवृत्तीच नाही

रांगेतील आजींना निवृत्तीचा दिवस कधी आलाच नाही. हात चालेनासे झाले तेव्हा मजुरी थांबली. म्हणूनच इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत 2011 साली पात्रतेचे वय 65 वरून 60 असे खाली आणले गेले, ही घटना महत्त्वाची वाटते. खुर्चीवरील कामाचे वय वाढविणे आणि ऊन-पावसातील श्रमाचे वय कमी करणे यांत विसंगती नाही. आयुर्मान सरासरीने वाढले, तरी सर्वांचे शरीर सारखे झिजत नाही.

सारांश असा की, निवृत्तीचे वय वाढवावयाचे असल्यास ते टप्प्याटप्प्याने वाढवावे, आणि त्याच्या ओघात कष्टकऱ्यांचे निवृत्तिवेतन पुढे ढकलले जाऊ नये. शासनाचा निर्णय आपल्या हाती नाही. वेतन थांबणे व निवृत्तिवेतन सुरू होणे यांमधील अंतर भरून काढणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. प्रत्येक ग्राहकाने पन्नाशीपूर्वीच हे दोन दिवस कागदावर लिहून त्यांमधील महिने मोजावेत आणि तेवढ्या महिन्यांच्या घरखर्चाची मुदत ठेव उभी करावी. आजींच्या नातवंडांसाठी अटल पेन्शन योजना आहे : वय 18 ते 40, आयकर न भरणारा बचत खातेदार, आणि 60 व्या वर्षापासून दरमहा 1,000 ते 5,000 रुपयांची हमी. काउंटरवरील कर्मचारी मित्रांनीही हयातीचा दाखला घेताना सोबत आलेल्या तरुणास एवढे जरूर विचारावे, ‘तुझे काय?’