प्रसूतीनंतरचा उच्च रक्तदाब : पतीने घ्यावयाची दक्षता

गरोदरपणात आपल्या पत्नीचा रक्तदाब वाढला असल्यास प्रसूती होताच धोका टळला, असे समजू नये. त्यानंतर ६ आठवड्यांपर्यंत झटके येऊ शकतात. पहिला आठवडा विशेष जोखमीचा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात वेदना यांना जागरणाचा थकवा मानू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटका आल्यास तिला डाव्या कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा हुंगवू नये. पत्नी माहेरी असली तरी तिच्या गोळ्या व फेरतपासणीची चौकशी आपणच रोज करावी. झाल्या प्रसंगाविषयी ती बोलू लागल्यास ‘आता विसर’ म्हणून थांबवू नये. झोप उडाल्यास, रडू आवरेनासे झाल्यास टेलि-मानस १४४१६ येथे दोघांनाही मोफत सल्ला मिळतो.