रात्रीचं जेवण सोडलंस म्हणे

चि. सानिकास,


काल वहिनीचा फोन आला. तू हॉस्टेलवर रात्रीची जेवत नाहीस, असं तुझ्या मैत्रिणीनं तिला सांगितलं. कारण काय, तर वजनकाट्यानं चरबी 29 टक्के दाखवली आणि दोन दिवसांनी 31! अगं, दोन दिवसांत इतकी चरबी चढते का कुठे?

तो काटा चरबी थेट मोजतच नाही. एका पायातून दुसऱ्या पायात अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून प्रवाह सहज जातो, चरबीत अडतो. त्या अडथळ्यावरून, तुझं वय आणि उंची धरून, काटा नुसता अंदाज बांधतो. पाणी कमी प्यायलीस की आकडा वर. तहानलेली, उपाशी त्यावर उभी राहतेस आणि मग रडतेस! बाईच्या अंगाला चरबी लागते गं. 10 ते 13 टक्के तर शरीर नीट चालायलाच हवी. 25 ते 31 सर्वसाधारण धरतात. मग जेवण कशापायी सोडलंस?

चरबीकडे बघूच नको, असं नाही म्हणत. आपल्याकडे किडकिडीत माणसाच्या पोटातही ती दडलेली असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं: बीएमआय दोघांचा 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. दादाला साखर आहे, म्हणून तुझी धास्ती मला कळते. तर शिंप्याची टेप घे, श्वास सोड, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घे. आपल्याकडच्या बायकांचं ते 80 सेंटीमीटरच्या आत हवं. महिन्यातून एकदा पुरे.

तुझ्या वयात मला कबड्डी खेळायची होती. अण्णा नको म्हणाले, मी गप्प बसले. अंगात ताकद कमवायची ती वर्षं गेली, अजून हळहळ वाटते. तू तीच वर्षं उपाशी काढतेयस. पाळी चुकत असेल तर लपवू नकोस, आधी डॉक्टरांकडे जा.

रागावले, मनावर घेऊ नकोस. वरणभात दुसऱ्यांदा मागून घेणारी माझी पोर तू, मला तशीच हवीस. शनिवारी इकडे ये, भरली वांगी करते. आज मात्र मेसमध्ये पोटभर जेव आणि मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी आत्या