दवबिंदूचा तांबडा रंग

साताऱ्याजवळील कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. उघड्या जागी तिची पाने पुष्कळदा तांबूस असतात. घरातील कुंडीत मात्र ती हिरवीच राहतात. खत कमी पडले असे समजून कोणी शेणखत घातले, तर रोप दगावते.

खरे कारण प्रकाशाची उणीव हे होय. प्रखर प्रकाशात पानांत अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य तयार होते व उन्हाच्या तीव्रतेपासून पानाचे रक्षण करते. सावलीत ते फारसे बनत नाही. शिवाय ही वनस्पती निकस जमिनीतील असून नत्र किड्यांपासून मिळविते. मुळांशी दिलेले खत तिला सोसत नाही.

सबब कुंडी उन्हाच्या खिडकीत ठेवावी. ऊन आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमाने वाढवावे, एकदम दिल्यास पाने करपतात. ऊन नसेल तेथे एलईडी दिवा रोज 12 ते 14 तास लावावा. कुंडीखालील थाळीत पावसाचे पाणी ठेवावे. रंग नव्या पानांवर चढतो, म्हणून धीर धरावा. काही जाती मुळातच हिरव्या असतात, त्यांस दोष देऊ नये.

रोपे मात्र बियांपासूनच करावी. पठारावरून उपटून आणू नयेत.