मूकपटातली माणसं तुरुतुरु का पळतात?

प्रश्न : नातवंडांना मोबाइलवर चार्ली चॅप्लिनच्या शंभर वर्षांपूर्वीच्या छोट्या फिल्म दाखवतो. त्यात सगळेच पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे पळतात. तेव्हाचे कॅमेरे सदोष होते का?
— एक वाचक, शिरवणे, नवी मुंबई

उत्तर : शंका रास्त आहे, पण कॅमेरा बिचारा निर्दोष आहे. आणि त्या काळची माणसं साजूक तुपामुळे एवढी चपळ होती, असंही नाही.

तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सर्वसाधारण रीत सेकंदाला दोन फेऱ्यांची. एका फेरीत आठ चित्रं टिपली जात, म्हणजे सेकंदाला १६. पुढे बोलपट आले आणि फितीवरच ध्वनी उमटू लागला. वेग बदलला की आवाज चिरका किंवा घोगरा होणार, म्हणून सेकंदाला २४ चित्रं हा वेग कायमचा ठरला. आता १६ने टिपलेली फीत २४ने दाखवली, तर तीन सेकंदांचं चालणं दोन सेकंदांत उरकतं.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’च घ्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या या चित्रपटाची जाहिरात होती : ५७,००० चित्रं, दोन मैल लांबी, तिकीट अवघे तीन आणे! (दोन मैल ही फुशारकीच. फीत सुमारे ३,७०० फुटांची, म्हणजे पाऊण मैलही नाही.) चित्रांचा आकडा मात्र लांबीशी जुळतो, कारण एका फुटात १६ चित्रं मावतात. ती ५७,००० चित्रं २४ने दाखवली तर ४० मिनिटं, १६ने दाखवली तर जवळपास तास. हा चित्रपट चाळीस मिनिटांचा होता असं आपण सर्रास वाचतो, ते आजच्या वेगाने. फाळक्यांचा विल्यमसन कॅमेराही हातानेच फिरवायचा. तो फिरवणाऱ्या त्र्यंबक तेलंगांचा हात कोणत्या गतीने चालला, त्यावर सगळं अवलंबून.

विनोदी फिल्ममध्ये मात्र आणखी एक गंमत आहे. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत, म्हणजे चॅप्लिनने १९१४ साली जिथे सुरुवात केली तिथे, पाठलाग टिपताना दांडा मुद्दामच हळू फिरवत. ऐकायला उलटं वाटेल, पण टिपलेली चित्रं जितकी कमी, तितकी पडद्यावरची धावपळ जास्त. शिवाय मोटार खरोखर हळू हाकून नटाच्या अगदी जवळून नेता येई. पडद्यावर ती भरधाव दिसे, आणि नटाचं हाड शाबूत राही.

त्यात भर थिएटरातल्या माणसाची. प्रोजेक्टरही हातानेच चालवला जाई, तेव्हा गर्दीच्या दिवशी जास्त खेळ बसवायचे म्हणून फीत पळवणारेही होते.

तेव्हा नातवंडांबरोबर एक प्रयोग करून पाहा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग ०.७५ ठेवा. चोवीसाचे अठरा होतील आणि चॅप्लिनची साधी चाल बरीचशी माणसात येईल. अलीकडे नीट दुरुस्त केलेल्या प्रतींचा वेग आधीच सुधारलेला असतो, त्यांना हात लावू नका. आणि पोलिसांचा पाठलाग आला की वेग पुन्हा होता तसा करा, कारण तो पळवण्यासाठीच टिपलेला आहे.