रणगाड्याची प्रतिकृती : बांधणी आणि रंगकाम

रणगाड्याची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याने कामास हात घालण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी : हा रणगाडा कोणत्या आघाडीवरचा आणि कोणत्या ऋतूतला? पुढील सारे काम या उत्तरावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल ‘शर्मन एम४ए४’ हा रणगाडा घेता येईल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडकडे शर्मन रणगाडे होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये इरावती ओलांडल्यावर ही ब्रिगेड सतराव्या भारतीय डिव्हिजनबरोबर मैक्तिलाकडे निघाली आणि मार्चच्या आरंभी ते शहर तिच्या हाती आले.

मूळ रणगाडा सुमारे ६.०६ मीटर लांब होता. १:३५ या प्रमाणात ही लांबी १७.३ सेंटिमीटर भरते. मोटारीची पाच इंजिने एकत्र जोडून बनविलेले यंत्र बसविण्यासाठी या प्रकाराची लांबी वाढविण्यात आली होती. त्यामुळे चाकांच्या संचांमधील अंतर वाढले आणि प्रत्येक बाजूच्या पट्ट्यात ७९ ऐवजी ८३ कड्या आल्या. त्या मोजूनच पट्टा जोडावा.

प्लास्टिकचे सुटे भाग प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावेत. साच्याचा तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाही. कापलेल्या कडा बारीक पॉलिश कागदाने घासाव्यात आणि भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत. पॉलिस्टायरीनचे सिमेंट प्लास्टिक किंचित विरघळवून सांधा एकजीव करते, म्हणून ते थेंबभर पुरे. दोन्ही बाजूंचे मिळून चाकांचे सहा संच असतात. ते सपाट काचेवर एकाच पातळीत वाळू द्यावेत. एक चाक जरी अधांतरी राहिले, तरी तीस टनांहून अधिक वजनाच्या यंत्राचा भास नाहीसा होतो.

रंगकामातही प्रमाणाचा विसर पडता कामा नये. प्रतिकृतीवरील दशांश मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटरचे पूट! म्हणून हिरवा रंग पातळ करून दोन-तीन हातांत द्यावा आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. मूळ छटेपेक्षा तो किंचित फिकट असावा. वस्तू लहान झाली की तोच रंग अधिक गडद दिसतो.

नवशिक्या हाताला चिखल माखण्याचा मोह होतो. परंतु मैक्तिला मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे पाऊस क्वचितच पडतो. तेथे शोभेल ती धूळ : खालच्या भागावर दाट, वर विरळ, खाचांतून साचलेली.

अखेरची बाब मांडणीची. मैक्तिलात काही जपानी सैनिक विमानातून टाकावयाचा बॉम्ब गुडघ्यांमध्ये धरून खड्ड्यात बसत. रणगाडा वर येताच दगडाच्या घावाने तो उडवून द्यावयाचा आणि स्वतःही मरावयाचे, असा त्यांचा बेत असे. अशा खड्ड्यांचा शोध घेण्यासाठी रणगाड्यासोबत पायदळ लागे. हे जाणणारा कारागीर प्रतिकृती एकटी उभी करणार नाही. जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीचे दोन-तीन सैनिक तो तिच्यापुढे ठेवील, जमिनीकडे पाहत चाललेले.